हारिबाल्डच्या डाव्या कुशीला

१

हारिबाल्डचं थडगं कोणीतरी उकरलं, हे गावात सगळ्यात शेवटी मला कळलं. याचा मला अजून राग येतो. गावाची दारू मी गाळते, त्यामुळे बातमी आधी माझ्या अंगणात येते आणि मग बाकीच्यांच्या, असा आमच्याकडचा शिरस्ता. पण त्या सकाळी माझी मोठी कढई चुलीवर होती आणि जवाच्या वाफेत मला माझंच नाक दिसत नव्हतं. शेवटी मालुल्फ बोलवायला आला. मालुल्फ माझा धाकटा भाऊ. बायको गेल्यापासून माझ्याच घरात राहतो, माझंच खातो आणि सगळ्या खोऱ्याला कायदा सांगतो. आम्हा फ्रँकांचा कायदा त्याला अथपासून इतिपर्यंत तोंडपाठ आहे. टोपी कुठे ठेवली ते मात्र रोज मला विचारतो.

लेउबा तिथे पुरुषांत एकटी बसली आहे, आक्का तू चल, एवढंच तो म्हणाला. लेउबा म्हणजे हारिबाल्डची विधवा. मी कढई उतरवली आणि निघाले.

आमचे मेलेले नदीच्या वरच्या उतारावर ओळीने झोपलेत, पाय उगवतीकडे करून. हारिबाल्ड वरच्या ओळीत. जिवंतपणी तो भांडखोर होता आणि चिक्कूही, पण मेल्या म्हशीला मणभर दूध. आता त्याच्यासारखा वीर पुन्हा झाला नाही असं सगळे म्हणतात. त्याची तलवार सरदाराने स्वतःच्या हाताने दिलेली होती, आणि ती त्याच्याबरोबरच मातीत गेली. त्याला आता बरीच वर्षं झाली, पण त्या वेळी मीही होते. प्रेतापुढे ती तलवार उंच धरून त्याचा मुलगा राडोल्फ चालत होता, आणि थंडीने आमची बोटं आखडली होती.

आता त्या थडग्याच्या डाव्या अंगाला एक लांबट, अरुंद खड्डा होता. फळ्या फोडल्या होत्या. आत हारिबाल्डची हाडं दिसत होती, बरगड्यांवर ढालीच्या मधला लोखंडी टोप, कमरेशी चांदीच्या तारा बसवलेलं काशाचं बक्कल, उजवीकडे छोटी सुरी. कवटीच्या बाजूला एक चपटा दगड उभा होता, त्यामुळे उकरलेली माती तोंडावर आली नव्हती. तेवढं तरी बरं झालं, असं मी लेउबाला म्हणाले. ती त्या दगडाकडे बघत बसली होती.

राडोल्फ खड्ड्याच्या कडेला उभा होता. तलवार गेली, बापाची तलवार गेली, असं तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता. जवळच हारिबाल्डचा भाऊ बाउडिन शिव्या घालत होता, आणि पाद्री उर्सिन क्रूस धरून काहीतरी पुटपुटत होता.

मालुल्फ गुडघा धरून कण्हत आत उतरला. इथे हात लाव, तिथे माती चोळून बघ, असं बराच वेळ चाललं. मग वर आला आणि दोन्ही हात माझ्या कमरेच्या फडक्याला पुसले. धुतलेलं फडकं, त्यावर तांबडे, हिरवे, पिवळे डाग. मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. तो ऐकून न ऐकल्यासारखा म्हणाला की ते धुऊ नकोस.

एवढ्यात बाउडिनला गवतात एक फावडं सापडलं. लोखंडी धारेचं, धारेला एक खाच पडलेलं. ती खाच खड्ड्याच्या भिंतीत प्रत्येक घावाला उमटली होती. फावडं कोणाचं, हे कोणी विचारलं नाही. तशी खाच गावात एकाच फावड्याला होती.

२

फावडं एर्मनचं होतं. एर्मन थुरिंगियाचा. तिकडे लढाईत घर जळालं म्हणून बायकोला घेऊन इकडे आला, आणि ओढ्यापलीकडच्या पडीक जमिनीवर झोपडी बांधून राहिला. त्याची बायको गिसा गरोदर होती.

आमच्यात परक्याला गावात राहायचं असेल तर सगळ्यांची संमती लागते. एका माणसाने जरी नको म्हटलं तरी चंबूगबाळं उचलायचं. पण बारा महिने कोणी हरकत घेतली नाही, तर तो आमच्यातलाच झाला, मग राजाही त्याला उठवू शकत नाही. एर्मनचे बारा महिने येत्या न्यायसभेच्या दिवशी सूर्य मावळला की पूर्ण होणार होते. बिचाऱ्याने वर्षभर कोणाच्या कोंबडीलासुद्धा हाड केलं नव्हतं. आणि आता हे.

थडगं उकरणाऱ्याला आमचा कायदा लांडगा म्हणतो. लांडगा ठरला की तो रानात गेला पाहिजे. त्याला कोणी भाकर द्यायची नाही, छप्पर द्यायचं नाही, बायकोनेही नाही आणि आईनेही नाही. मेलेल्याच्या नातेवाइकांनी स्वतः सभेत येऊन याला परत घ्या असं म्हणेपर्यंत तो माणसांत नाही. हिवाळा तोंडावर होता. त्यातून गिसा त्या स्थितीत. मला तिची कीव आली, आणि नवऱ्याचं फावडं घरात ठेवायची अक्कल नाही म्हणून रागही आला.

मालुल्फ त्यांच्या झोपडीत गेला तेव्हा मीही गेले. थोडी दारू घेऊन गेले होते, रिकाम्या हाताने दुःखाच्या घरी जाऊ नये. एर्मनने सांगितलं की फावडं तो घरी आणतच नव्हता. नव्या चर्चच्या पायाचा चर खणायला गावातले सगळे पुरुष येत होते आणि सगळ्यांची फावडी रात्री तिथेच पडून असत. हे खरंच होतं. पण रात्री तू कुठे होतास, यावर त्याची साक्ष फक्त बायको. आणि बायकोची साक्ष धरत नाहीत.

मालुल्फने विचारलं, शपथेला माणसं आहेत का? आरोपी निर्दोष आहे अशी त्याच्याबरोबर शपथ घेणारी माणसं लागतात, तीही रक्ताची. एर्मनने मान हलवली. त्याची माणसं थुरिंगियातल्या राखेत होती.

मग उकळतं पाणी, मालुल्फ म्हणाला. पाण्यात खडा टाकतात, आरोपीने हात घालून तो काढायचा, हाताला पट्टी बांधायची आणि जखम चिघळते की भरते ते बघायचं. गिसा नवऱ्याच्या हाताकडे बघू लागली. तो टोपल्या विणतो.

परत येताना मी मालुल्फला म्हटलं की या माणसाने काही केलेलं नाही हे आंधळ्यालाही दिसेल. तो म्हणाला की दिसणं आणि सांगता येणं यात फरक आहे. मग म्हणाला, "सभेला मोठी कढई कोणाची आणायची, तुला माहीतच आहे."

गावात एवढी मोठी कढई एकच. माझी.

३

मालुल्फला चौकशीसाठी कुठे फार जावं लागत नाही. माणसं दारू प्यायला माझ्या अंगणात येतात, आणि तो कोपऱ्यात काडी चघळत बसतो. मी वाढते. प्यायलेल्या माणसाला विचारावं लागत नाही, फक्त थांबवू नये.

बाउडिन आला. हारिबाल्डच्या धाकट्या भावाचा आयुष्यभर एकच सल होता, की एवढी उत्तम तलवार मातीत कुजवली. मला दिली असती तर मी आज सरदाराच्या उजव्या हाताला बसलो असतो, असं तो दर सणाला म्हणायचा. त्या दिवशीही म्हणाला. थोरली वहिनी आपल्या पोराला दक्षिणेच्या मोहिमेसाठी तलवार मिळवून देऊ शकली, दिराला मात्र साधा कुऱ्हाडीचा दांडा नाही. आणि पोराने काय केलं? नदी ओलांडताना ती बुडवली आणि भाला टेकत घरी आला. एवढं बोलून तो हसला आणि अजून मागितली. मी दिली नाही.

बाउडिननेच तलवार घेतली असावी असं मला वाटत होतं. तसं मी मालुल्फला सांगितलंही. तो म्हणाला की बाउडिनने ती घेतली असती तर बक्कलही घेतलं असतं. चांदीचं बक्कल समोर असताना हात आखडणारा माणूस तो नव्हे.

मग पाद्री उर्सिन. हा आमच्यातला नाही, रोमनांपैकी, पण गोड माणूस. राजाने बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर घेतलं, मग सरदारांनी, मग आम्ही, आणि त्यानंतर हा आला. मेलेल्याबरोबर शस्त्रं, वाडगी, भाकरी पुरायची नाहीत, थडग्यावर अन्न ठेवायचं नाही, असं तो दर रविवारी सांगतो. लेउबाने त्याचं सगळं ऐकलं. तिची एकच इच्छा होती, की नवऱ्याची हाडं चर्चच्या जमिनीखाली आणावीत आणि पुढे तिला त्याच्याशेजारी ठेवावं. पाण्याविना मेलेला नवरा एकीकडे आणि आपण दुसरीकडे, हे तिला सोसत नव्हतं. उर्सिनने होकार दिला होता. येत्या रविवारी सगळ्या गावासमोर थडगं उघडायचं ठरलं होतं.

तलवारीचं तुम्ही काय करणार होता, असं मालुल्फने त्याला विचारलं. देवाच्या घरात शस्त्र नको, बाहेर काढून मुलाच्या हाती दिली असती, असं तो म्हणाला. हे त्याने राडोल्फला सांगितलंही होतं.

"त्याला आनंद झाला असेल," मालुल्फ म्हणाला.

उर्सिनने पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "मला तसं वाटलं होतं. पण तो म्हणाला की मेलेल्याला हलवू नये. नंतरही दोनदा येऊन तेच म्हणाला."

मालुल्फने तोंडातली काडी काढून टाकली.

४

राडोल्फ प्यायला आलाच नाही, म्हणून आम्हीच त्याच्याकडे गेलो. तो वाईट मुलगा नव्हता, हे मी आधीच सांगते. लहानपणी माझ्या अंगणात कुत्र्याच्या पिल्लांना दूध पाजत बसायचा. आता चांगला दाढीवाला झाला होता, आणि फिर्यादी म्हणून त्याला सभेत उभं राहायचं होतं.

मालुल्फने त्याला फक्त दफनाबद्दल विचारलं. सगळं रिवाजाप्रमाणे झालं, असं राडोल्फ म्हणाला. रिवाज असा, की मेलेल्याच्या हाती हत्यार द्यायला थोरला मुलगा एकटा खाली उतरतो आणि वर उभे असलेले सगळे पाठ फिरवतात, कारण हत्यार देताना मेलेल्याला फक्त मुलाचं तोंड दिसावं. मग मुलगा ढाल वर ठेवतो, फळ्या लावतो, आणि ज्या कातड्यावरून प्रेत आणलं ते गुंडाळून स्वतः घरी नेतो. मीही त्या दिवशी पाठ फिरवून नदीकडे बघत उभी होते. नदीवर बर्फाचे तुकडे वाहत होते.

थडग्यात शिरणारा माणूस बक्कल का सोडेल, असं मालुल्फने सहज विचारलं. राडोल्फ म्हणाला की घाबरला असेल. पुढे म्हणाला की मेलेल्या माणसाच्या अंगाला हात लावणं सोपं नसतं. 

लेउबा चुलीशी होती. तिने आम्हाला पाव आणि चीज दिलं. मालुल्फने तिला विचारलं की तुझा कोणावर संशय आहे का. ती म्हणाली की कोणावर नाही. बाउडिनवर? तिने मान हलवली. भाऊजी तोंडाने फाटके आहेत, पण मोहिमेच्या वेळी पोराला तलवार त्यांनीच दिली, आणि कधी बोलूनही दाखवलं नाही. अशा माणसावर मी आळ घेणार नाही.

मला तेव्हा काहीच खटकलं नाही. पाव चांगला होता आणि मी खात होते. मालुल्फ मात्र खायचा थांबला.

बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "आक्के, ते फडकं धुतलंस का?"

नाही धुतलं, असं मी म्हणाले. धुतलं असतं तर चार लोकांत फिरता आलं असतं, हेही म्हणाले.

"धुतलं असतंस तर एर्मनचा हात गेला असता," तो म्हणाला आणि पुढे काहीही बोलला नाही. असा आहे तो. मी वाटभर बडबडले, पण काही उपयोग झाला नाही.

५

सभा टेकडीवर भरली. मधे माझी कढई, तिच्याखाली लाकडं, आणि पाणी उकळत होतं. माझ्या कढईत माणसाचा हात शिजायचा, या विचाराने मी सकाळपासून तिच्याकडे बघायचं टाळत होते. एर्मन बाही वर करून उभा होता. गिसाला कोणीतरी बसायला ओंडका दिला होता, पण ती बसली नाही.

राडोल्फने फिर्याद सांगितली. खाली मान घालून, भराभर. मग मालुल्फ काठी घेऊन उठला आणि मला पुढे बोलावलं. माझं ते घाणेरडं फडकं त्याने माझ्या कमरेचं सोडवून घेतलं आणि सगळ्यांसमोर ढालीवर पसरलं. हसले लोक. मी प्रत्येकाचं तोंड लक्षात ठेवलं आहे.

"हारिबाल्डच्या उजव्या कुशीला सुरी होती," मालुल्फ म्हणाला. "बोटभर लांब. तिच्याभोवतीची माती मी या हाताने चोळली. तो हा तांबडा डाग. कमरेला काशाचं बक्कल होतं, त्याखालची माती हिरवी झाली आहे. तो हा. बरगड्यांवर ढालीचा टोप, तिथेही तांबडंच. आता डावी कूस. बोटभर सुरीने एवढी माती रंगवली, तर हातभर तलवारीने इतक्या हिवाळ्यांत किती रंगवायला हवी? ही बघा तिथली माती."

फडक्यावर तो डाग स्वच्छ पिवळा होता, नदीकाठच्या कोऱ्या चिकणमातीचा.

"तलवार कोणीही नेऊ शकतो," तो म्हणाला. "गंज कोण नेणार?"

कोणी हसलं नाही.  बाउडिनला सगळ्यात उशिरा समजलं. तो ओरडला की म्हणजे तलवार तिथे नव्हतीच का.

मालुल्फ म्हणाला की नव्हती. कधीच नव्हती. चोर तलवार न्यायला आला नव्हता, ती नाही हे लपवायला आला होता, कारण रविवारी सगळं गाव ते बघणार होतं. म्हणून त्याने फक्त डाव्या कुशीला खणलं आणि चांदीला हात लावला नाही. मग तो बाउडिनकडे वळला आणि विचारलं की राडोल्फ मोहिमेवर जी तलवार घेऊन गेला ती कोणी दिली होती. वहिनीने दिली, बाउडिन म्हणाला, पोरानेच मला सांगितलं. मालुल्फने लेउबाकडे बघितलं. ती म्हणाली की मला तर त्याने काकांनी दिली म्हणून सांगितलं होतं.

 इतकी वर्षं दिराला वाटत होतं वहिनीने दिली आणि वहिनीला वाटत होतं दिराने. एकाच आळीत राहून दोघांनी कधी एकमेकांना विचारलं नाही, कारण हारिबाल्ड गेल्यापासून त्यांचं बोलणं नव्हतं.

आम्ही सगळे पाठ करून उभे होतो, मालुल्फ म्हणाला. खाली एकच माणूस होता. आणि कातडं गुंडाळून घरी नेलं तेही त्यानेच.

राडोल्फने काही नाकारलं नाही. पुढच्याच वसंतात मोहीम होती, तो म्हणाला, आणि तलवार असलेले पोरगेच सरदाराजवळ घोड्यावर असत, बाकीचे चिखलात. बाप तर मेलाच होता. ओळखू येऊ नये म्हणून त्याने तिची मूठ बदलली, नेली, आणि ती नदीत गेली. त्यानंतर जे झालं ते त्याला नको होतं. फावडं अंधारात हाताला लागलं ते घेतलं, कोणाचं ते बघितलंही नाही.

"आणि सकाळी कळलं तेव्हा?" मालुल्फने विचारलं.

"तेव्हा गप्प राहिलो," राडोल्फ म्हणाला. "सगळे एर्मनच्या नावाने ओरडत होते आणि मी गप्प राहिलो. पुढे बोलायची वेळच गेली."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. बापाची तलवार ठेवून घेतली एवढंच असतं तर लोक चार दिवस थुंकले असते आणि विसरले असते. त्याला कायद्यात शिक्षाच नाही. पण थडगं मात्र त्याने खरंच उकरलं होतं. मालुल्फने कायदा म्हटला, जसाच्या तसा, एक शब्द न गाळता. तो म्हणताना त्याचा आवाज कधी हलत नाही, त्या दिवशी थोडा हलला. राडोल्फ लांडगा ठरला.

आता रिवाजाप्रमाणे मालुल्फने मेलेल्याच्या नातेवाइकांकडे बघितलं. कारण सोडवणं त्यांच्याच हातात असतं. बाउडिनने खांदे उडवले, हक्क आधी बायकोचा. सगळ्यांना वाटलं लेउबा आता परत घ्या म्हणेल आणि आम्ही घरी जाऊ. मलाही तसंच वाटलं. तिचा तो एकुलता एक.

लेउबा पुढे आली. म्हणाली, "तो दगड मी पहिल्याच दिवशी बघितला. बापाच्या तोंडावर माती पडू नये म्हणून परका चोर दगड लावत नाही. तेव्हापासून मी वाट बघत होते, हा आज बोलेल, उद्या बोलेल. हा बोलला नाही. मीही बोलले नाही." मग तिने गिसाकडे बोट केलं. "माझ्या मेलेल्या नवऱ्याला एका तलवारीचं काही वाटणार नाही. हात त्या जिवंत माणसाचा जाणार होता. हक्क माझा आहे, पण गिसा सांगेल तेव्हाच मी तो वापरीन."

सगळे गिसाकडे बघू लागले. तिने एर्मनची बाही खाली ओढली, नीट मनगटापर्यंत, आणि त्याला घेऊन टेकडी उतरून निघून गेली.  सूर्य मावळला आणि एर्मन आमच्यातला झाला. त्याच वाटेने थोड्या वेळाने राडोल्फ रानाकडे गेला.

६

लेउबाने उर्सिनला सांगितलं की नवऱ्याची हाडं आहेत तिथेच राहू देत. तो हिरमुसला. पुढे त्याला आणखी एक धक्का बसला. ज्या बाईने त्याचं सगळं ऐकलं होतं, ती रोज दिवे लागायच्या आत उतारावर जाऊन हारिबाल्डच्या थडग्यावर गव्हाचा पाव ठेवू लागली. जुना रिवाज, त्याने मोडलेला. सकाळी पाव नसायचा.

उर्सिन तक्रार घेऊन आमच्याकडे आला. मालुल्फ म्हणाला की लांडग्याला भाकर देणं गुन्हा आहे, मेलेल्याला देणं नाही. आणि पाव कोण नेतं, असं उर्सिनने विचारलं. कावळे असतील, मालुल्फ म्हणाला. बर्फात माणसाच्या पावलांचे ठसे होते, हे मीही बघितलं होतं आणि उर्सिननेही. पण तो खरंच गोड माणूस आहे. दर रविवारचं त्याचं बोलणं पुढे थोडं आखूड झालं.

गिसाला त्या हिवाळ्यात मुलगी झाली. बाळंतपणाला मी होते आणि लेउबाही होती. ती न बोलावता आली, पाणी तापवलं, फडकी धुतली आणि गेली. गिसाने तिला ये म्हटलं नाही आणि जाही म्हटलं नाही. मला वाटलं होतं त्या दिवशी तरी काही बोलेल. मी मनात तिला दगडाच्या काळजाची म्हणाले, आणि मग एर्मनचा हात त्या बाळाच्या डोक्याखाली बघितला आणि गप्प बसले.

एकदा फार थंडी पडली. नदी काठापासून काठापर्यंत गोठली. लेउबाला ताप होता, म्हणून तिचा पाव घेऊन मी निघाले. मेलेल्याला देणं गुन्हा नाही, हे मालुल्फनेच सांगितलं होतं. उतार चढून वर गेले तर थडग्यावर आधीच एक पाव होता. जवाचा, काळसर, वर शहाजिरे लावलेला. आमच्याकडे पावाला शहाजिरे कोणी लावत नाही. थुरिंगियाचे लावतात. बर्फावर आलेली आणि परत गेलेली लहान पावलं होती, आणि ती ओढ्यापलीकडे जात होती.

मी लेउबाचा पाव त्याच्या शेजारी ठेवला आणि घरी आले. मालुल्फ चुलीशी पाय शेकत बसला होता. त्याला सांगितलं. त्याने कुठला पाव, कशाचा, किती मोठा, काही विचारलं नाही.

"माझी टोपी कुठे आहे?" तो म्हणाला. "सभेला बोलवायला निघतो. गिसाने सांगितलंय."

मी टोपी काढून दिली. त्या दिवशी मी त्याला झापलं नाही.